पिस्तुलाला तेल घालण्याआधी

किनारपट्टीच्या एका जिल्ह्यात पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर आता नेमबाजीच्या रेंजवर मुलामुलींना पिस्तुलाची साफसफाई शिकवतो. तेव्हा जवान विचारायचे, आता पालक विचारतात, पण प्रश्न तोच : "काका, कोणतं तेल आणू?" बाटलीचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने काम भागत नाही. मी उलट विचारतो, हत्यार राहतं कुठे? रत्नागिरीत की नागपुरात? रोज हाताळलं जातं की वर्षभर कपाटात पडून असतं? आपल्याकडची बहुतेक हत्यारं झिजून निकामी होत नाहीत, गंजून होतात. तेल निवडताना ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्याच अनुभवातून आलेलं आहे.

१. आधी हत्यार रिकामं

मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून धरा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपूनही बघा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर बाहेर काढून सगळी घरं रिकामी आहेत ना, ते एकेक करून पाहा. राउंड त्या खोलीत नकोतच. ग्लॉकसारखी काही पिस्तुलं उघडण्याआधी चाप ओढावाच लागतो. तिथे ही तपासणी दोनदा करायची, दोन्ही वेळा नळी सुरक्षित दिशेला ठेवून.

शिशाचंही भान हवं. राउंडच्या टोपीतल्या मसाल्यात आणि गोळीत शिसं असतं, आणि साफसफाई करताना ते बोटांना लागतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. काम झालं की साबणाने हात धुवा आणि मगच पोरांना जवळ घ्या.

२. तेलाची कामं तीन, आणि ती वेगवेगळी आहेत

जळलेल्या दारूची काजळी सोडवणं हे एक काम. धातूवर धातू सरकतो तिथलं घर्षण कमी करणं हे दुसरं. पोलादापर्यंत ओल पोचू न देणं हे तिसरं. काजळी सोडवणारं द्रव पातळ आणि उडून जाणारं असतं, म्हणून ते पृष्ठभागावर टिकत नाही. घर्षणासाठी लागणारा थर जागेवर टिकावा लागतो. गंजासाठीचा थर तर आणखी हट्टी हवा, त्याने धातूला चिकटून पाण्याला बाजूला ठेवायचं असतं. या तिन्ही गुणांची एकमेकांशी ओढाताण चालते.

अमेरिकी लष्कराने तिन्ही कामांना एकच बाटली हवी म्हणून एमआयएल-एल-६३४६० हे मानक ठरवलं. त्यातून सीएलपी म्हणतात ती तेलं आली, ब्रेकफ्री हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं नाव. मैदानावर, पाठीवर सामान घेऊन फिरणाऱ्या शिपायासाठी ही सोय उत्तम आहे. घरी किंवा शस्त्रागारात बसून काम करणाऱ्याला मात्र तडजोड करायची गरज नसते. माझ्या टेबलावर सफाईचं सॉल्व्हंट वेगळं, सरकत्या भागांचं तेल वेगळं आणि साठवणीचं वेगळं असतं. ज्याला एकच बाटली परवडते त्याने चांगलं सीएलपी घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. फक्त साफसफाईला वापरलेला ओला थर कोरड्या कापडाने पूर्ण पुसावा आणि मग त्याच बाटलीतून नवा थेंब घालावा. काजळीसकट राहिलेलं तेल म्हणजे पॉलिश पेपरचं काम करणारी लापशी.

३. कोकणात आणि मुंबईत आधी गंजाचा विचार

ब्लूइंग केलेलं पोलाद निळंकाळं, सुंदर दिसतं. ते पाहून लोकांना वाटतं की हा रंग गंजापासून वाचवतो. ब्लूइंग हा लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा अगदी पातळ थर आहे. तो तेल धरून ठेवतो, हा त्याचा खरा उपयोग. तेल नसेल तर तो एकटा फार काळ तग धरत नाही. स्टेनलेस म्हटलं की लोक निर्धास्त होतात, पण खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेसवरही ठिपके पडतात, विशेषतः स्क्रूच्या डोक्याभोवती आणि साइटच्या खाचेत.

पटत नसेल तर पावसाळ्यात घरीच करून बघा. फॅब्रिकेशनवाल्याकडून साध्या लोखंडी पट्टीचे बोटभर तुकडे आणा. पॉलिश पेपरने घासून लख्ख करा, थिनरने पुसा आणि मग बोट न लावता प्रत्येक तुकड्याला एकेक वेगळं तेल लावून जास्तीचं टिपून घ्या. एक तुकडा कोरडाच ठेवा. एका कोरड्या तुकड्यावर मुद्दाम अंगठा दाबा. सगळे गॅलरीत असे टांगा की थेंब पडणार नाही, पण वारा लागेल. अंगठ्याचा तुकडा आधी बोलतो : ठशाच्या रेषान् रेषा तांबूस रंगात उमटतात, एखाद्या कागदावर शाई लावून घ्यावा तसा ठसा लोखंडावर दिसतो. घामातलं मीठ काय करतं हे जवानांना समजवायला मला भाषण द्यावं लागलं नाही, हा तुकडा हातात दिला की पुरायचं. त्यामागोमाग साधं कोरडं लोखंड जातं, मग शिलाई मशीनचं तेल. गंजरोधक द्रव्य घातलेली तेलं त्यानंतर बराच काळ टिकतात आणि ग्रीस सगळ्यांत शेवटी हार मानतं. आपल्या गावच्या हवेत कोणती बाटली टिकते, हे जाहिरातीपेक्षा ही पट्टी खरं सांगते.

म्हणून किनाऱ्याजवळच्या माणसाने बाटलीवर "गंजरोधक" किंवा "कोरोजन इनहिबिटर" हे शब्द आधी शोधावेत. पावसाळ्यात हत्यार हाताळलं, नुसतं दाखवायला बाहेर काढलं, तरी परत ठेवताना तेलकट फडक्याने पुसावं. विदर्भात गणित बदलतं. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे पातळ तेल ओघळून खाली उतरतं आणि धूळ चिकटते. तिथे तेल थोडं जाड आणि मात्रा आणखी कमी.

४. घरातली तेलं

"काका, खोबरेल चालेल ना? आमचे आजोबा बंदुकीला तेच लावायचे." हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक रेंजवर येतो. आजोबांचं चाललं, कारण ठासणीच्या बंदुकीत बारीक सरकते भाग फारसे नव्हते आणि ते दर आठवड्याला लावायचे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, पुण्यात डिसेंबरात बाटलीत पांढरा गोळा झालेला सगळ्यांनी पाहिला आहे. जुनं झालं की खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल वाढतं. जवस आणि करडई तर त्याहून वाईट, ती हवेत वाळून व्हार्निशसारखी घट्ट होतात. खाण्याचं कोणतंही तेल पिस्तुलात नको.

शिलाई मशीनचं तेल शुद्ध, हलकं खनिज तेल असतं. सरकत्या भागांना ते खरोखर चांगलं चालतं आणि खेडेगावातही मिळतं. दर सरावानंतर जो पुसतो आणि पुन्हा लावतो, त्याने ते बिनधास्त वापरावं. कपाटात ठेवण्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये, गंज थांबवणारं काही त्यात सहसा नसतं.

डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा प्रत्येक गॅरेजमध्ये असतो. १९५३ साली सॅन दिएगोतल्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवण्यासाठी ते तयार केलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. पाणी हटवणं हेच त्याचं काम आणि त्यात ते हुशार आहे. पावसात भिजलेलं हत्यार आलं की मी तेच आधी मारतो. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, मागे उरतो तो थर पातळ असतो आणि वारंवार मारलं तर चिकट होत जातो. म्हणून पाणी गेलं की ते पुसायचं आणि खरं तेल लावायचं.

गाडीचं नवं सिंथेटिक इंजिन ऑइल स्लाइडच्या खाचांना चालतं, हे ऐकून लोक चकित होतात. झीज रोखणारी द्रव्यं त्यात चांगली असतात. गॅरेजमधलं काढलेलं काळं ऑइल मात्र हत्यारालाही नको आणि हातालाही नको. त्यात आम्ल, काजळी, धातूचा चुरा आणि कातडीला घातक रसायनं असतात.

५. थेंब कुठे घालायचा

ज्या जागी धातू घासून चकाकतो, तिथे तेल हवं. पिस्तूल उघडून उजेडात धरलं की ते स्वतःच दाखवतं : स्लाइडच्या खाचा, नळीच्या बाहेरून तोंडाजवळची कडी, नळी जिथे स्लाइडला अडकते तो वरचा भाग. ईशापूरच्या ९ मिमी पिस्तूल १ए सारख्या पोलादी हत्याराला जरा मोकळ्या हाताने द्यावं. ग्लॉकला मोजके थेंब पुरतात, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा थेंब चापाची पट्टी मागच्या उजव्या कोपऱ्यात कनेक्टरला टेकते तिथे. नव्या ग्लॉकच्या स्लाइडमध्ये तांब्याच्या रंगाचं वंगण दिसतं. ते कारखान्याने मुद्दाम लावलेलं असतं, घाण समजून पुसू नका.

फायरिंग पिनच्या नळीत तेल घालायचं नाही. ही जागा कोरडी. तेल तिथे गेलं की दारूची धूळ आणि पितळेचा चुरा बसून गाळ होतो, पिनचा वेग कमी पडतो आणि टोपीवर ठोसा हलका बसतो. आवाज होतो "टक", राउंड उडत नाही. दुरुस्तीला आलेल्या हत्यारांत हा दोष मी सर्वाधिक पाहिला, आणि कारण जवळजवळ प्रत्येक वेळी मायेने घातलेलं जास्तीचं तेल हेच होतं. मॅगझिनचंही तसंच. आतून कोरडं पुसा, तेल नको, कारण तिथलं तेल थेट राउंडवर जातं आणि टोपीच्या कडेने आत झिरपलं तर मसाला मरू शकतो.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी एक जागा हमखास बघावी : सिलिंडरमागची चांदणी, जी दाबल्यावर रिकामी खोकी बाहेर येतात. तिच्याखाली दारूचे दोन-चार न जळलेले कण अडकले तरी सिलिंडर जड फिरतो. दाताच्या जुन्या ब्रशने कोरडंच घासा. तिथे तेल ओतलं की पुढचे कण चिकटायला आयतीच जागा होते.

६. ग्रीस

पोलादावर पोलाद सरकतं आणि भार जास्त असतो तिथे मी ग्रीस पसंत करतो. स्टेनलेसवर स्टेनलेस घासत असेल तर ग्रीसच, कारण हे दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. टूथपिकच्या टोकावर बसेल एवढंच घ्या. थंड डोंगराळ भागात घट्ट ग्रीस आखडतं, तिथे पातळ तेल बरं.

७. पॉइंट बावीसचं दुखणं वेगळं

राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. कोल्हापूरच्या मुलीचं ते यश पाहून या प्रकाराकडे वळलेल्या मुली मला रेंजवर भेटतात. त्यांच्या पिस्तुलाच्या मुख्य फेरीत ६० गोळ्या असतात. त्यांतल्या ३० रॅपिडमध्ये, तिथे प्रत्येक गोळीला लक्ष्य फक्त तीन सेकंद दिसतं. त्या तीन सेकंदांत पिस्तूल अडकलं तर हात, श्वास, मन सगळंच विस्कटतं.

या पिस्तुलात लागणाऱ्या पॉइंट बावीस राउंडच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीसारखा थर असतो आणि दारू बरीच घाण सोडते. मेण, शिसं आणि काजळी मिळून जो राखाडी लगदा होतो तो ब्रीचच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली बसतो. तेल जास्त घातलं की लगदा वाढतो, म्हणून इथे आधी सफाई, मग अगदी थोडं तेल. नळीच्या आत मात्र रोज ब्रश फिरवायची हौस नको. चांगल्या नळीला मेणाचा तो समतोल थर लागतो आणि घासून काढल्यावर पुढच्या काही गोळ्या जागा शोधत फिरतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळी घासायला निघालेल्या पालकांना मी हात जोडून थांबवतो.

८. नळीतलं तेल, झाडण्याआधी

साठवणीला नळीत तेल हवं, गोळी झाडताना नको. पोलीस आणि लष्करात पुलथ्रूच्या दोरीला चिंदी अडकवून ओढतात. चार इंच बाय दोन इंचांची ती फ्लॅनेलची चिंदी शेवटी कोरडी बाहेर यायला हवी. राउंडचं पितळी खोकं स्फोटाच्या क्षणी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं. भिंत तेलकट असेल तर ती पकड सुटते आणि सगळा धक्का मागच्या भागावर येतो. नळीत तेल साचलेलं असेल तर नळी फुगण्याचाही धोका असतो.

९. मीठ तेलात विरघळत नाही

जुन्या काळच्या राउंडच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, जो हवेतली ओल शोषतो. खडकीच्या कारखान्याचा "केएफ" ठसा असलेले जुने पॉइंट थ्री नॉट थ्रीचे राउंड वापरणाऱ्या माझ्या वरिष्ठांनी शिकवलेली रीत अशी : आधी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी चिंदी, मग तेल. नुसतं तेल लावलं तर मीठ तेलाखाली जिवंत राहतं आणि सकाळी नळी लाल होते. आजचे राउंड बहुतेक तसे नसतात. पण एखाद्या जुन्या पेटीतले राउंड झाडलेच, तर पाण्याला घाबरू नका. १९०४ च्या सुमारास जर्मनीत निघालेलं बॅलिस्टॉल अशा वेळी कामाला येतं. ते पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरं होतं आणि थोडं अल्कधर्मी असतं.

१०. एअर पिस्तूल

महाराष्ट्रातली बहुतेक मुलं १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात, म्हणून हा मुद्दा प्रत्येक पालकाने वाचावा. इथे दारू नाही, काजळी नाही. इथे आहे ती दाबाखालची हवा, सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत. खनिज तेल या हवेच्या वाटेत कधीही जाऊ देऊ नका. हवा झटक्यात दाबली गेली की तापते आणि तेलाची वाफ पेट घेऊ शकते. भरणाऱ्या पंपाच्या जोडावर, सिलिंडरच्या तोंडावर, ओ-रिंगवर बंदुकीचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारणं हे सरळसरळ धोक्याचं आहे. शिवाय खनिज तेलाने काही रबरी रिंगा फुगतात आणि हवा गळायला लागते. ओ-रिंगला कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच, तेही नुसतं बोट फिरवल्यासारखं. सिलिकॉनचं काम इथेच. पोलादी पिस्तुलाच्या स्लाइडवर ते भाराखाली टिकत नाही. नळीसाठी फेल्टच्या गोळ्या मिळतात, मागून पुढे ढकलायच्या.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. युरोपातल्या अनेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. जुनं पिस्तूल विकत घेताना तेलाची चौकशी मागाहून करा, ती तारीख आधी वाचा.

११. सॉल्व्हंट आणि मुलामा

नळीतलं तांबं काढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये बहुधा अमोनिया असतो. निकेलचा मुलामा असलेल्या रिव्हॉल्व्हरवर तो ठेवू नका. मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, चरा पडला असेल तिथून अमोनिया आत शिरतो आणि निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. थिनर आणि ॲसिटोन प्लास्टिकच्या फ्रेमपासून लांब. लाकडी ग्रिप साफसफाईआधी काढून ठेवा, तेल प्यायलेलं लाकूड काळं आणि मऊ पडतं. नेमबाजाच्या हाताच्या मापाने कोरलेल्या ग्रिपला तर ते मुळीच परवडत नाही.

१२. ठेवताना

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार साठवू नका. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्लाचे अंश असतात आणि ते ओल धरून ठेवतं. होल्स्टरच्या पितळी बटणावर हिरवी बुरशीसारखी पूड दिसली की समजावं, आतल्या पोलादावरही काम सुरू झालं आहे. फोमच्या पेट्यांचंही तेच, वाहतुकीला ठीक, पावसाळाभर ठेवायला नाहीत. लोखंडी कपाटात सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा निळे करून घ्या. ते दाणे पोरांच्या हाताला लागू देऊ नका, निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तिथे ते किती दिवस, कोणत्या भिंतीला टेकून राहील हे आपल्या हातात नसतं. माझ्या एका स्नेह्याचं .३२ रिव्हॉल्व्हर अशाच एका खोलीतून आलं, तेव्हा सिलिंडर हाताने फिरत नव्हता आणि सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीखाली सुतळीचा वळ गंजाने उमटला होता. म्हणून जमा करायच्या आदल्या दिवशी हत्यार धुवा, पूर्ण कोरडं करा आणि रोजच्या तेलाऐवजी गंजरोधक ग्रीसचा सलग पातळ थर द्या, आतून, बाहेरून आणि नळीतही. चिठ्ठी ट्रिगर गार्डला प्लास्टिकच्या पट्टीने बांधायला सांगा, सुतळीने नको. शक्य असेल तर व्हीसीआय कागदात गुंडाळा, हा गंजरोधक वाफ सोडणारा कागद यंत्रांच्या सुट्या भागांचे व्यापारी वापरतात. पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घ्या. परत मिळाल्यावर घाई न करता घरी उघडा, नळी आणि चेंबरमधलं ग्रीस सॉल्व्हंटने काढा, चिंदी पांढरी निघेपर्यंत ओढा आणि मगच रेंजवर न्या.